लक्षद्वीप, व्हाया 'सध्याचा पत्ता'

कोचीहून लक्षद्वीपला बोटीने जायला मला एक रात्र लागली. पुण्यातून कोचीला निघायला सात आठवडे. हे लिहायचं कारण ते सात आठवडे, बेटाचं वर्णन नंतर कधीतरी.

माझी पीएचडी तिथल्या विहिरींवर चालू आहे. सह्याद्रीच्या काळ्या कातळात भूशास्त्र शिकलेल्या माणसाला ही बेटं म्हणजे चक्रावून टाकणारा प्रकार आहे. ना नदी, ना ओढा, ना डोंगर. जमीन म्हणजे प्रवाळाची वाळू आणि चुनखडक. सगळी बेटं मिळून क्षेत्रफळ जेमतेम ३२ चौरस किलोमीटर. पाऊस पडतो तो थेट खाली मुरतो आणि समुद्राच्या खाऱ्या पाण्यापेक्षा हलका म्हणून त्याच्यावर तरंगत राहतो, भिंगासारखा. पुस्तकी हिशेब असा की समुद्रपातळीच्या वर १ फूट गोडं पाणी असेल तर खाली ४० फूट असतं. प्रत्यक्षात एवढा जाड थर मिळत नाही, कारण भरती-ओहोटी त्याला रोज घुसळत असते. उन्हाळ्याच्या शेवटी हा थर सगळ्यात पातळ होतो आणि मला नेमका तोच मोजायचा होता. मेच्या मध्यानंतर समुद्र बिघडायला लागतो. म्हणजे एप्रिल गेला की माझं अख्खं वर्ष गेलं.

बेटांचा रहिवासी नसलेल्याला तिथे जायला परवाना लागतो, १९६७ पासूनचे नियम आहेत. माझ्या परवान्यासाठी पोलिसांचा चारित्र्य पडताळणीचा दाखला हवा होता. बाकी सगळी कागदपत्रं (विभागाचं पत्र, तिथल्या यजमानांचं पत्र, फोटो) एका दुपारी झाली. राहिला दाखला.

ज्या कार्यालयात मी खेटे घातले त्याचं नाव लिहीत नाही. फेब्रुवारीच्या शेवटी ऑनलाइन अर्ज भरला आणि कागद घेऊन गेले. खिडकीवरच्या साहेबांनी विभागाचं पत्र वाचलं.

"पाण्याचे नमुने म्हणजे?"

"विहिरीचं पाणी बाटलीत भरून आणायचं, तपासायला."

"पुण्यात विहिरी नाहीत का?"

मी भिंगाचं सांगायला सुरुवात केली, ती चूक. मागे रांग होती. ते म्हणाले, "मॅडम, तिकडे लोक फिरायला जातात. फिरायला असं लिहा, विषय संपेल." खरं सांगते, मोह झाला होता. सरांना फोन केला तर ते ओरडलेच, "पर्यटक म्हणून गेलीस आणि विहिरीत मीटर सोडताना कुणी विचारलं तर काय सांगशील?" तर ही पहिली सूचना: उद्देश खरा लिहा, पण सोपा लिहा. 'क्षेत्रकार्य' लिहू नका. 'पिण्याच्या पाण्याची तपासणी' लिहिल्यावर एकानेही प्रश्न विचारला नाही.

पण खरी गाडी अडली पत्त्यावर. आधारवर कराडचा पत्ता. पुण्यात आम्ही तिघी एका फ्लॅटमध्ये राहतो आणि भाडेकरार फक्त मैत्रिणीच्या नावावर. तोही फेब्रुवारीतच संपलेला. "तुम्ही तिथे राहता याला पुरावा काय?" गॅसचं बिल मालकांच्या नावावर, विजेचं त्यांच्या वडिलांच्या, जे आता हयात नाहीत. कॉलेजचं ओळखपत्र चालत नाही. "मग कराडहून काढा दाखला." कराडला फोन केला तर, "चार वर्षं पुण्यात आहात ना, मग पुण्याहून काढा." दोघांचंही बरोबरच होतं, त्यामुळे भांडायचीही सोय नव्हती.

शेवटी नवा करार करायचा ठरला, तिघींच्या नावाने. एजंट अंगठ्याचं मशीन घेऊन घरी येतो, आपले ठसे पाच मिनिटांत होतात. पण मालकांचाही अंगठा लागतो आणि मालक नाशिकला. "पाडव्याला येतोच आहे," असं ते तीन आठवडे म्हणत राहिले. त्या तीन आठवड्यांत मी अर्जाची स्थिती दिवसातून किती वेळा पाहिली ते सांगायला लाज वाटते. मालक आले, अंगठा झाला. खिडकीवर गेले तर कळलं, जुन्या अर्जाला नवा करार जोडता येत नाही, नवीन अर्ज भरा. पुन्हा शुल्क. जुन्याचं काय? "तो आपोआप बंद होईल."

(आठवलं म्हणून इथेच सांगते: करार, आधार आणि विभागाचं पत्र, तिन्हीकडे नावाचं स्पेलिंग एक आहे का ते आधी पाहा. माझ्या मधल्या नावात एक 'ए' जास्त होता. त्यात आणखी एक दिवस गेला.)

नव्या अर्जावर मात्र एका संध्याकाळी खरंच हवालदार आले. लॅबमध्ये जागा नसल्यामुळे साठ बाटल्या मी घरी आणून धुतल्या होत्या आणि गॅलरीत वर्तमानपत्रावर ओळीने उपड्या घातल्या होत्या. त्यांनी त्या बघितल्या, माझ्याकडे बघितलं. "हे काय?" मी समजावून सांगितलं. शेजारच्या काकूंना साक्षीला बोलावलं तर त्या म्हणाल्या, "पोरगी चांगली आहे, फक्त रात्री अकरा-अकरापर्यंत बाटल्या धुते." माझा जीव वर-खाली. पण हवालदार मोकळेपणी हसले, पाणी मागितलं आणि ग्लास उजेडात धरून विचारलं, "हे ठीक आहे का हो, आमच्या पुण्याचं?" चार दिवसांत दाखला आला. तो माणूस खिडकीवर असता तर मी मार्चमध्येच निघाले असते.

त्यानंतरचं सगळं सुरळीत झालं. फक्त दोन गोष्टी. नमुने टिकवायला आम्ही नायट्रिक आम्ल वापरतो, ते विमानात अजिबात नेता येत नाही. बॅगेतही नाही. कोचीत ओळखीच्या लॅबमधून घ्यायची सोय आधीच करून ठेवा. आणि क्षारतेच्या मीटरचं प्रमाण द्रावण (ठरलेल्या क्षारतेचं पाणी, मीटर बरोबर दाखवतोय ना ते तपासायला) जास्तीचं न्या, एक बाटली माझ्या हातून बोटीतच सांडली.

बेटावरच्या दुसऱ्या दिवशी एका घराच्या परसातल्या विहिरीत दोरी सोडून बसले होते. माणसाच्या उंचीपेक्षा थोडं खाली पाणी. समुद्र तिथून दिसतही नव्हता, पण भरती चढत होती आणि पाणी दोरीवरच्या खुणेच्या तीन बोटं वर आलं होतं. वर्गात हे दहा वेळा ऐकलं होतं, तरी डोळ्यांनी बघताना अंगावर काटा आला. तेवढ्यात फोन वाजला. पुण्याहून मेसेज होता, माझ्या पहिल्या अर्जाचा. 'दिलेल्या पत्त्यावर अर्जदार आढळून आले नाहीत. अर्ज नामंजूर.'

पावसाळ्यानंतर त्याच विहिरी पुन्हा मोजायच्या आहेत, म्हणजे पुन्हा परवाना. करार फेब्रुवारीपर्यंत आहे, बघून ठेवलंय.