बॅटरीच्या माथी मारलेले दोष : आमच्या वर्कशॉपची वाटचाल

आमचं गाड्यांच्या इलेक्ट्रिकल कामाचं वर्कशॉप. आमच्याकडे गाडी आली की आधी व्होल्ट-करंट मोजणारा मीटर लागतो, पाना नंतर. हा नियम पहिल्या दिवसापासूनचा आहे, आणि याच नियमापायी आमचं वर्कशॉप एकदा बंद पडायच्या बेतात आलं होतं. त्या काळाबद्दल आजवर फक्त दुसरेच बोलले. आमची बाजू कोणी विचारली नाही, म्हणून आता मीच लिहितोय.

सुरुवात मी आणि दादांनी केली. दादा म्हणजे माझे थोरले भागीदार. नात्यातले नव्हेत, पण हाक तीच. सेल्फ (इंजिन सुरू करणारी मोटर) आणि अल्टरनेटर (चालू गाडीत बॅटरी चार्ज करणारा) यांच्या कामात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. सेल्फ खोलायच्या आधी नुसता आवाज ऐकून बुश गेलाय की कार्बन संपलेत ते सांगायचे, आणि खोलल्यावर तेच निघायचं. वायरिंग माझ्याकडे, फिरणारं सगळं त्यांच्याकडे, अशी वाटणी होती.

हत्यारं थोडीच होती, पण पारखून घेतलेली. पहिलं म्हणजे हेडलाइटच्या ५५ वॅटच्या बल्बला दोन वायरी जोडून केलेला टेस्ट लॅम्प. नवीन मुलांना मीटरचं फार कौतुक असतं, त्यांना मी आधी हा दिवा हातात देतो. मीटर स्वतः जवळजवळ काहीच करंट ओढत नाही. त्यामुळे आतून तुटून एखाद-दुसऱ्या तारेवर टिकलेली वायरसुद्धा मीटरला खुशाल १२ व्होल्ट दाखवते. हा बल्ब मात्र साडेचार अँपिअरच्या आसपास मागतो. तिथे वायरचं खरं रूप कळतं. दुसरा दादांचा हायड्रोमीटर, बॅटरीतल्या अ‍ॅसिडची घनता मोजणारा. प्रत्येक सेलचं रीडिंग ते खडूने बॅटरीच्या अंगावर लिहायचे. भरलेली असेल तर १.२६५ ते १.२८०, आणि एखादा सेल बाकीच्यांपेक्षा ०.०५० ने मागे असेल तर ती बॅटरी संपली, चार्जिंगला लावून उपयोग नाही. तिसरा लोड टेस्टर, जड आणि तापणारा. बॅटरीवर लिहिलेल्या कोल्ड क्रँकिंग अँपच्या (थंडीत सेल्फ फिरवायला ती देऊ शकते त्या करंटच्या) निम्मा लोड १५ सेकंद द्यायचा. साधारण २१ अंश तापमानाला व्होल्टेज ९.६ च्या खाली गेलं तर बॅटरी बाद, नाही गेलं तर बॅटरीला हात लावायचा नाही.

पुढची बरीच वर्षं कामात गेली. जागा वाढली, गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर आला, हाताखालची मुलं शिकून स्वतःच्या पायावर उभी राहिली.

मग आमच्या समोरच एक मोठं सर्व्हिस सेंटर उघडलं. नाव घेत नाही. काचेचं ऑफिस, गणवेश, मोठ्या स्क्रीनचा स्कॅनर. त्यांची पद्धत सोपी होती : गाडी सुरू होत नाही, बॅटरी बदला. तरी होत नाही, अल्टरनेटर बदला. तरीही नाही, सेल्फ बदला. गिऱ्हाईक त्याच संध्याकाळी गाडी घेऊन जायचं आणि खूश असायचं. अल्टरनेटर तपासायला ते इंजिन चालू ठेवून बॅटरीचं टर्मिनल काढायचे, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. जुन्या डायनमोच्या काळापासून चालत आलेली ही सवय आजच्या गाडीत घातक आहे. बॅटरी अचानक सुटली की अल्टरनेटरचं व्होल्टेज क्षणभर कितीतरी वर उसळतं आणि कंट्रोल युनिट (गाडीचा कॉम्प्युटर) जळू शकतं. मीटर लावून १३.८ ते १४.५ च्या दरम्यान चार्जिंग दिसलं की झालं, त्यासाठी टर्मिनल कशाला काढायचं?

त्या वेळी एका कंपनीच्या सगळ्या गाड्या आमच्याकडे होत्या. महिन्याचं निम्मं काम त्यांचंच. त्यातली एक गाडी मधूनच सकाळी मेलेली सापडायची. चार दिवस ठीक, पाचव्या दिवशी दारसुद्धा रिमोटने उघडत नाही. बॅटरी बाहेरून दोनदा बदलून झालेली होती. आम्ही तपासली, ती उत्तम होती. म्हणजे करंट कुठेतरी गळत होता.

सिरीजमध्ये, म्हणजे बॅटरी आणि तिच्या वायरच्या मधे, मीटर लावला. गाडी लॉक केल्यावर मॉड्यूल (गाडीतले छोटे इलेक्ट्रॉनिक डबे) झोपायला अर्धा तास लागला आणि रीडिंग ३० मिलिअँपिअरवर आलं. अशा गाडीला ५० च्या आत असलं की चालतं. गळती दिसेना. दादा म्हणाले, "मीटर काढू नकोस, गाडी राहू दे रात्रभर." पहिली रात्र कोरडी गेली. दुसऱ्या रात्री मीटरच्या मॅक्सिममवर (सगळ्यात मोठा आकडा धरून ठेवतो त्यावर) ७०० मिलिअँपिअर दिसले. कोणीतरी गाडीला जागं करत होतं. ०.७ अँपिअर दोन दिवस चालला तर जवळपास ३४ अँपिअर-अवर जातात, आणि बॅटरी होती ४५ ची. मागच्या दाराच्या लॅचमधला, दार लागलंय का ते सांगणारा मायक्रोस्विच थंडाव्यात मधूनच सुटतोय, इथवर आम्ही पोचलो होतो. लॅच मागवायचं तेवढं बाकी होतं.

तेवढा धीर त्यांच्या मॅनेजरला नव्हता. गाडी उचलून समोर नेली. तिथे तिसरी बॅटरी बसली आणि गाडी अर्थातच लगेच सुरू झाली. नवी बॅटरी बसवली की कुठलीही गाडी सुरू होते! वर सांगण्यात आलं की आम्ही वायरी कापून कंट्रोल युनिटचं नुकसान केलंय. आम्ही एकही वायर कापलेली नव्हती. मी लेखी रीडिंग घेऊन त्या मॅनेजरकडे गेलो, त्यांनी कागद हातातही घेतला नाही. महिन्याभरात त्यांच्या सगळ्या गाड्या गेल्या, आणि त्यांचं ऐकून बाकीचेही गळायला लागले.

दादांनी तेव्हा अंग काढून घेतलं. त्यांच्या घरच्या अडचणी होत्या, दोष देत नाही. हिशोब चोख केला, त्यांचा हिस्सा हप्त्याहप्त्याने फेडला. हायड्रोमीटर मात्र त्यांनी नेला नाही. "तुला लागेल," एवढंच म्हणाले. त्या दिवसांत सकाळी शटर उघडून दुपारपर्यंत नुसतं बसून राहायची वेळ आली. जागेचं भाडं थकलं.

अशात बाई आल्या. शाळेतून निवृत्त झालेल्या, गाडी स्वतः चालवणाऱ्या, आमच्या सुरुवातीच्या गिऱ्हाइकांपैकी. गाडी गरम झाली की सेल्फ घेत नाही, "कट्" असा एकच आवाज, आणि थोडं थांबलं की बिनतक्रार सुरू, अशी तक्रार. घाईत असल्याने एकदा त्या समोर गेल्या होत्या. तिथे नवीन बॅटरी बसवून पुढच्या वेळी सेल्फ बदलू म्हणून सांगितलेलं.

"अरे, तू बघितल्याशिवाय आता मी काही बदलणार नाही," बाई म्हणाल्या.

"बाई, गाडी ठेवून जावी लागेल. फॉल्ट आला तरच पकडता येईल."

"ठेव की. मी चालत जाते."

त्या वेळी ही दोन वाक्यं माझ्यासाठी काय होती ते शब्दांत येणार नाही.

गाडी फिरवून फिरवून तापवली. शेवटी "कट्" झालं. चावी धरून ठेवायला मुलाला बसवलं आणि बॅटरीच्या खांबांवर मीटर टेकवला : ११.८. म्हणजे बॅटरी द्यायला तयार होती, घेणाऱ्यापर्यंत पोचत नव्हतं. मग एक टोक बॅटरीच्या मायनसवर आणि दुसरं इंजिन ब्लॉकवर खरवडून घट्ट धरलं. सेल्फ मारताना इथे ०.२ व्होल्टच्या आत दिसायला हवं. पाचच्या वर दिसलं. सगळी ताकद अर्थिंगमध्ये, म्हणजे करंट बॅटरीकडे परत यायच्या वाटेत, मरत होती. क्लच केबलला हात लावला तर ती चटका बसण्याइतकी गरम : अर्थिंगची वाट बंद झाल्यावर करंट तिथून परत यायला बघत होता.

इंजिन ते बॉडी अर्थिंगची पट्टी बाहेरून एकदम नीट दिसत होती, बोल्टही घट्ट होता. स्लीव्ह चिरली तर लगच्या (टोकाच्या धातूच्या कडीच्या) क्रिम्पमधून, म्हणजे ती दाबून बसवलेल्या जोडातून, हिरवी भुकटी बोटावर आली. तांब्याच्या तारांपैकी थोड्याच उरल्या होत्या. इंजिन तापलं, हललं, की त्याही सुटायच्या. पट्टी नवीन केली, लग नीट क्रिम्प केला, दोन्ही टोकांचा रंग खरवडून बसवली. ड्रॉप ०.१ वर आला. मी ती जुनी पट्टी आणि रीडिंगचा कागद बाईंच्या हातात दिला. त्यांनी दोन्ही त्यांच्या ओळखीच्या प्रत्येकाला दाखवलं. आमच्याकडे पुन्हा गाड्या येऊ लागल्या त्या बाईंमुळे, जाहिरातीमुळे नाही.

आता गाडीवाल्यांना थोडं सांगतो. गाडी चालवून आल्या आल्या बॅटरी मोजू नका, वरवरच्या चार्जमुळे आकडा फसवतो. मिनिट-दोन मिनिटं हेडलाइट लावा, बंद करा, थोडं थांबा आणि मग मोजा. १२.६ च्या वर असेल तर भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी. सीलबंद बॅटरीवरच्या हिरव्या डोळ्यावर विसंबू नका, तो सहांपैकी एकाच सेलचं सांगतो. सिरीजमध्ये मीटर असताना चुकूनही सेल्फ मारू नका. व्होल्टेज पडल्यावर स्कॅनर डझनभर कोड दाखवतो. त्या यादीवर मॉड्यूल बदलत सुटू नका, आधी व्होल्टेज ठीक करून कोड पुसा आणि परत येतात का ते बघा. फॉल्ट आला की लिहून ठेवा : गाडी गरम होती की थंड, पाऊस होता का, खड्ड्यातून गेली का, कुठलं दार उघडलं होतं. दाराच्या बिजागरीपाशी, रबरी नळीच्या आत वाकून वाकून तुटलेल्या वायरी आम्ही अशाच नोंदींवरून शोधल्या आहेत.

ते सर्व्हिस सेंटर आजही चालू आहे. त्या कंपनीच्या गाडीत पुढे लॅच बदललं गेलं, हे मला त्यांच्याच ड्रायव्हरकडून कळलं. लॅच बदलल्यापासून तिची बॅटरी उतरलेली नाही. कंट्रोल युनिट जुनंच आहे, आणि आमच्यावरचा तो आरोप अजून कोणी मागे घेतलेला नाही.