आठ आणि नऊच्या मधली जागा

गेल्या मे महिन्यातल्या एका दुपारी, जेवणे आटोपून आई शेजारच्या खोलीत आडवी झाल्यावर, मी नेहमीप्रमाणे रिसीव्हर, म्हणजे रेडिओ आणि अ‍ॅम्प्लिफायर एकाच पेटीत असलेले जुने यंत्र, लावला आणि नेहमीप्रमाणेच त्याच्याशी माझी हुज्जत सुरू झाली. आवाजाचा नॉब साडेसातावर होता तोवर भीमपलास फक्त डाव्या स्पीकरमधून येत होता आणि उजवा मौन धरून बसला होता. आठावर आणला तेव्हा उजव्याला कंठ फुटला, तानपुरा आला, गायकही आला, पण तबलजी अर्धाच आला. दायाँची, म्हणजे उजव्या हाताच्या तबल्याची, चाट टकटक ऐकू येत होती आणि डाव्या हाताचा, खालच्या सुराचा डग्गा जणू बसमध्येच राहिला होता. साडेआठावर डग्गा आला, आणि त्याच क्षणी आतून आई खोकली. मी निमूटपणे नॉब आठावर परत आणला.

हे घड्याळ कोणते, हे ज्यांच्या घरी असे जुने धूड आहे त्यांना सांगण्याची गरज नाही. नॉबवरची रेघ म्हणजे तासकाटा. सात वाजता शांतता आणि संध्याकाळी पाच वाजता प्रलय. माझा सगळा संसार आठ आणि नऊच्या मध्ये चालतो. तीस वॅटचे यंत्र घेऊन माणूस अर्धा वॅटसुद्धा वापरत नाही, हे ऐकून माझा एक मित्र हसतो. त्याच्या मते हे हत्ती पाळून त्याच्याकडून गवार मोडून घेण्यासारखे आहे. असेल. पण मोठ्या आवाजात कोणतेही यंत्र गाते. त्याची खरी परीक्षा हळू आवाजात होते, असे माझे जुने आणि काहीसे हट्टी मत आहे.

हे यंत्र मामाने ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मस्कतहून आणले, तेही तिथल्या कोणाकडून जुने घेऊन. जपानी बनावटीचे, अ‍ॅल्युमिनियमच्या तोंडाचे, लाकडी पेटीतले आणि इतके जड की रेल्वे स्टेशनापासून रिक्षाने घरी येईपर्यंत मामाने ते मांडीवर बाळासारखे धरले होते. मागच्या बाजूला व्होल्टेज बदलण्याची एक खाच होती आणि ती २२० वर आहे ना, हे तीन मोठ्या माणसांनी पाळीपाळीने चष्मा लावून पाहिल्यावरच पिन सॉकेटमध्ये गेली. दिवे लागले. निळसर उजेडात आकड्यांची लांब पट्टी उजळली, आणि आम्हा मुलांना गाण्यापेक्षा ट्यूनिंगच्या चाकाचेच वेड लागले. त्याला आत जड चक्र होते. बोटाने एक फटका दिला की काटा या टोकापासून त्या टोकापर्यंत स्वतःच्या मस्तीत सरकत जाई. एफएमच्या पट्टीवर त्या काळी सोलापुरात नुसता फुसफुसाट होता, आकाशवाणीचे एफएम केंद्र इथे पुढे आले. पण काटा पळवायला केंद्र कशाला हवे?

वडिलांना मात्र या यंत्राचे एकच बटण माहीत होते आणि ते त्यांनी कधी अकराच्या खाली ठेवले नाही. ते एका मिलमध्ये लूमवर होते. जुनी मिल १८७७ साली उभी राहिली तेव्हापासून हे गाव मागाच्या आवाजावरच वाढले आहे. मिलचा भोंगा, मग पूर्व भागातल्या यंत्रमागांचे रात्रंदिवस खटाखट. मागाच्या खात्यात आवाज नव्वद डेसिबलच्या पुढेच असतो, आणि तिथे आठ तास उभ्या राहणाऱ्या माणसाचे कान आधी वरच्या पट्टीत, साधारण चार हजार हर्ट्झच्या आसपास, जातात. हे आकडे मला फार उशिरा कळले. तेव्हा एवढेच कळत होते की वडिलांना स, श ही अक्षरे नीट पोहोचत नाहीत, आई “सात वाजले” म्हणाली की ते “आत कोण आलंय?” असे विचारत आणि आम्ही तोंड दाबून हसत असू. खात्यात बोलणे ऐकू येतच नसल्यामुळे कामगार एकमेकांशी हातवाऱ्यांनी बोलत, आणि ती सवय त्यांनी घरीही आणली होती. चहा हवा असला की अंगठा ओठांकडे जाई; रेडिओ वाढवायचा असला की हवेत मनगट फिरे. ते फिरलेले मनगट पाहून उठायचे आणि नॉब पुढे सरकवायचा, हे माझे काम. “हळू करा की ओ, गल्ली काय म्हणेल?” असे आई रोज म्हणे. गल्ली काही म्हणत नसे, कारण गल्लीतल्या निम्म्या पुरुषांचे कान त्याच खात्यातून घरी आलेले होते आणि प्रत्येक घरातला रेडिओ शेजारच्या रेडिओवर ओरडत असे.

हळू आवाजाची माझी हौस बहुधा त्या गल्लीवर उगवलेला सूड आहे.

पण हळू आवाजात डग्गा का रुसतो, याचा खुलासा अमेरिकेत बेल लॅबोरेटरीजमध्ये काम करणाऱ्या फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी १९३३ सालीच करून ठेवला आहे. आवाज कमी होत जातो तसतसा आपला कान खालच्या सुरांना अधिकाधिक बहिरा होतो. एक हजार हर्ट्झचा सूर जेमतेम ऐकू येतो तिथे पन्नास हर्ट्झचा सूर ऐकू यायला सुमारे चाळीस डेसिबल जास्त लागतात. म्हणजे दोष तबलजीचा नाही, स्पीकरचा नाही, माझाच आहे. सत्तरच्या दशकातल्या जवळपास प्रत्येक रिसीव्हरवर याच दोषावरचा उतारा म्हणून ‘लाउडनेस’ नावाचे बटण असे. नाव फसवे आहे, कारण ते मोठ्या आवाजासाठी नसून हळू आवाजासाठी आहे. व्हॉल्यूमच्या नॉबमागे आवाज कमी-जास्त करणारी जी कार्बनची पट्टी असते, तिच्या मधूनच एक वेगळी तार काढून त्याला ते जोडलेले असते, त्यामुळे नॉब जितका खाली, तितकी खालच्या सुरांना अधिक उचल, आणि नॉब वर गेला की उचल आपोआप ओसरते. तरुणपणी मी हे बटण कधी दाबले नाही. “शुद्ध आवाज ऐकायचा” असे आम्हा चार मित्रांचे व्रत होते आणि लाउडनेस दाबणे हे आमटीत वरून गूळ घालण्यासारखे कमीपणाचे मानले जाई. आता आमटीत गूळही घालतो आणि बटणही दाबतो.

अडचण अशी की त्या बटणाला खोलीतला आवाज कळत नाही, फक्त नॉब किती वाजता आहे ते कळते. हे यंत्र बनवणाऱ्यांनी गृहीत धरले होते की टेपमधून किंवा ट्यूनरमधून फार तर काही शे मिलिव्होल्ट येतील. मागच्या जोडणीला पूर्ण ताकदीसाठी दीडशे ते दोनशे मिलिव्होल्ट पुरत. पुढे १९८२ साली सीडी आली आणि तिने सरळ दोन व्होल्ट ओतायला सुरुवात केली. मग नॉब आठाच्या पुढे नेण्याची सोयच उरली नाही. आणि आठाखालचा प्रदेश म्हणजे डाव्या-उजव्या बाजूंच्या कार्बनच्या दोन पट्ट्या एकमेकींशी जुळत नाहीत असा, जिथे डावा बोलतो आणि उजवा ऐकतो, वर चाळीस वर्षांच्या धुळीची खरखर. नवी पेठेतल्या एका मिस्त्रींकडे यंत्र नेले, तेव्हा त्यांनी झाकण काढून पॉटमध्ये, म्हणजे त्या कार्बन पट्ट्यांच्या डबीत, क्लीनरचे दोन फवारे मारले, नॉब तीस-चाळीस वेळा इकडून तिकडे फिरवला आणि म्हणाले, “सर, खरखर गेली. डावं-उजवं मात्र जन्माचंच आहे, ते धुऊन जात नसतंय.” मग त्यांनीच उपाय सांगितला. प्रत्येक बाजूला दोन रेझिस्टर, एक सत्तेचाळीस हजार ओहमचा आणि एक दहा हजारांचा, वायरीच्या पिनेतच बसवून दिले. येणारा आवाज यंत्राच्या दारातच पंधराएक डेसिबलने खाली आला, आणि जे आठावर मिळत होते ते दहावर मिळू लागले. दोन्ही स्पीकर एका सुरात आले. एवढ्या आनंदात मी त्यांना चहाबरोबर भजीही खिलवली.

घरी आल्यावर कळले की नॉब दहावर गेल्यामुळे लाउडनेसची उचलही ओसरली आहे. डग्गा पुन्हा बसमध्ये.

मग काही दिवस नुसते मांडामांडीचे गेले. मोबाइलवरून वाजवताना मोबाइलचाच आवाज कुठे ठेवायचा आणि नॉब कुठे, याचे तंत्र सापडले. नऊच्या जरा अलीकडे एक जागा अशी आहे जिथे दोन्ही बाजूही जुळतात आणि डग्गाही थोडा येतो. बासचे बटण दोन घरे पुढे सरकवले. स्पीकर भिंतीजवळून उचलून खुर्चीपासून चार फुटांवर आणले, कारण अंतर निम्मे झाले की नॉब तेवढाच ठेवूनही आवाज कानापर्यंत अधिक पोहोचतो, आणि शेजारच्या खोलीला त्याचा पत्ता लागत नाही. शहाबादी फरशीवरून आणि उघड्या भिंतींवरून आवाज उसळतो म्हणून समोरच्या भिंतीला वडिलांच्या वेळची एक सोलापुरी चादर टांगली. तिने वरच्या सुरांची कर्कशता कमी केली. खालच्या सुरांना चादर अडवू शकत नाही, त्यांच्यापुढे चादर म्हणजे धोतराने पूर अडवणे. पण तिच्यावरचे मोर छान दिसतात.

एवढे सगळे करून शेवटी उरतो तो कूलर. पारा त्रेचाळीसवर असताना कूलर बंद करा असे सोलापुरात कोणी कोणाला सांगू शकत नाही, आणि त्याच्या घरघरीच्या खाली जे काही हळू आहे ते सगळे बुडून जाते. हळू ऐकण्याला आधी शांतता लागते, आणि ती मला या गावात पुरेपूर अशी एकदाच मिळाली आहे, भारनियमनाच्या दिवसांत. दुपारी वीज गेली की कूलर, पंखे, पलीकडचे यंत्रमाग, सगळे एका दमात थांबत आणि कडुलिंबावरच्या कावळ्याने पंख झाडलेलेही ऐकू येई. अशा शांततेत आठावरचे भीमपलास काय झाले असते! रिसीव्हरही अर्थातच बंद असे.

तर त्या दुपारी मी नॉब आठावर परत आणला आणि डग्ग्याशिवायची विलंबित ऐकत बसलो. पाच मिनिटांनी आई पुन्हा खोकली. आणखी खाली नेला. मग ती उठूनच आली, दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली.

“काय करायलास रे? लावायलास की बंद करायलास?”

“तुझी झोपमोड नको म्हणून हळू केलंय.”

“त्यानंच तर झोप येईना झालीय,” ती म्हणाली. “चाळीस वर्षं झोपले मी तुझ्या वडिलांच्या रेडिओत. असं कुजबुजलं की वाटतं, कोणीतरी आलंय घरात.”

आणि तिने उजवा हात वर करून हवेत मनगट फिरवले.

मी उठलो आणि नॉब थेट अकरावर नेला. डग्गा आला, त्याच्या मागून तानपुऱ्याचा खर्ज आला, चादरीवरचे मोर किंचित हलले. दहा मिनिटांत आतून घोरणे सुरू झाले. ते मात्र कूलरवरूनही स्वच्छ ऐकू येत होते, लाउडनेस न दाबता.