नववा महिना: आजची नोंद

सोमवार, रात्र

दिवसभर झड लागली आहे. अशा दिवसांत पेठ-सुरगाण्याकडून बाळंतपणाला नाशिकला यायचं असेल, तर कळा सुरू व्हायची वाट पाहू नये. छत्तिसावा आठवडा संपला की शहरात कुणाकडे तरी येऊन राहावं. १०८ आणि १०२ हे रुग्णवाहिकेचे नंबर घरातल्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये हवेत.

सगळ्यात जास्त काळजी वाटते ती एका समजुतीची: आता पोटात जागा उरली नाही, म्हणून बाळ शांत झालंय. हे खरं नाही. शेवटच्या महिन्यात हालचालींची तऱ्हा बदलते. जोरदार लाथेऐवजी ढकलल्यासारखं, वळवळल्यासारखं वाटतं. हालचाली कमी मात्र होत नाहीत. जेवणानंतर डाव्या कुशीवर पडून, पोटावर हात ठेवून मोजाव्यात. दोन तासांत १० भरायला हव्यात. बहुतेक वेळा त्याआधीच भरतात. नाही भरल्या, किंवा रोजच्यापेक्षा मंद वाटल्या, तर त्याच रात्री दवाखाना गाठायचा. गोड खाऊ घालून बाळाला जागवत बसण्यात मोलाचा वेळ जातो.

खोट्या कळांत पोट दगडासारखं होतं, पण कूस बदलली, थोडं चाललं की ओसरतं. खऱ्या कळा बहुधा कमरेतून पुढे येतात आणि त्यांच्यातलं अंतर घटत जातं. पहिलटकरणीने साधारण पाच-पाच मिनिटांनी, मिनिटभर टिकणाऱ्या कळा तासभर येत राहिल्या की निघावं. दुसरी खेप असेल किंवा आधी सिझर झालं असेल तर त्याच्या कितीतरी आधी. कळा याव्यात म्हणून एरंडेल मुळीच देऊ नये. जुलाब होऊन अंगातलं पाणी जातं.

पाणमोट फुटली तर कळा नसल्या तरी जायचंच, कारण जंतुसंसर्गाची भीती असते. स्वच्छ पॅड लावावा, वेळ लिहून ठेवावी, रंग पाहावा. हिरवट पाणी म्हणजे बाळाने आतच शी केली आहे.

संध्याकाळी पाय सुजणं नेहमीचंच. पण चेहरा सुजला, डोकं ठणकलं, डोळ्यांपुढे काजवे चमकले, बरगड्यांखाली दुखू लागलं, तर लगेच बीपी पाहावं. १४०/९० किंवा वर म्हणजे थांबायचं नाही.

पिशवीत सगळ्यात वर माता-बाल संरक्षण कार्ड आणि सोनोग्राफीचे रिपोर्ट. बाळाची टोपडी-दुपटी खाली राहिली तरी चालतील. रात्रपाळीच्या डॉक्टरांनी बाईला आधी कधी पाहिलेलं नसतं. रक्तगट, हिमोग्लोबिन, बीपी त्यांना त्या कार्डावरूनच कळतं.