बाबांना घेऊन अ‍ॅली पॅलीला: डार्ट्सची वर्ल्ड चॅम्पियनशिप, दुपारचं सेशन

बाबा नोव्हेंबरात सांगलीहून आले तीन महिन्यांसाठी आणि दुसऱ्याच आठवड्यात कंटाळले. लंडनमधलं जे दाखवायचं ते दाखवून झालं होतं, साडेतीन-चारला अंधार, बाहेर पाऊस, मग टीव्ही. तेवढ्यात ऑफिसमधल्या एकाने विचारलं की डिसेंबरमध्ये अलेक्झांड्रा पॅलेसला (इथे त्याला अ‍ॅली पॅली म्हणतात) डार्ट्स बघायला येतोस का, ग्रुपमधले दोघं गळालेत, दुपारच्या सेशनची दोन तिकिटं आहेत. मी हो म्हणालो आणि घरी येऊन बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, "भिंतीवर बाण मारायचे ते? त्याची वर्ल्ड चॅम्पियनशिप असते?"

असते, आणि कशी असते ते सांगायलाच हे लिहितोय, कारण जाण्याआधी मी मराठीत काही सापडतंय का शोधलं तर काहीच मिळालं नाही.

आधी तिकिटांचं. स्पर्धा डिसेंबरच्या मध्याच्या आसपास सुरू होते, २४, २५, २६ तारखेला सुट्टी, आणि जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात फायनल. यावेळी (२०२५-२६) ११ डिसेंबर ते ३ जानेवारी होती, पहिल्यांदाच १२८ खेळाडू. तिकिटं मात्र उन्हाळ्यातच निघतात आणि चटकन संपतात, त्यामुळे ऑक्टोबरमध्ये आठवण झाली तर उशीर झालेला असतो. दुसरी गोष्ट म्हणजे तिकीट घेताना कोण खेळणार ते माहीतच नसतं, ड्रॉ नंतर निघतो. म्हणजे तुम्ही दिवस विकत घेता, खेळाडू नाही. वर्ल्ड चॅम्पियन ल्यूक लिटलरच बघायचाय असा हट्ट असेल तर घरी बसून टीव्हीवर बघा, खरंच सांगतो. आणि कुठल्यातरी अनोळखी माणसाकडून ऑनलाइन दुप्पट-तिप्पट पैशात तिकीट घेऊ नका, अधिकृत रीसेलवर अधूनमधून परत आलेली तिकिटं दिसतात, रोज बघत राहायचं.

आता दुपार की संध्याकाळ. संध्याकाळचं सेशन म्हणजे लग्नाच्या वरातीत मॅच चाललीय असं समजा. मजा असते, पण सोबत आईवडील असतील किंवा तुम्हाला खेळ बघायचा असेल तर डोळे झाकून दुपार घ्या. साडेबाराला सुरू होतं, पहिल्या राउंडच्या चार मॅचेस, आणि आम्ही पाचच्या आसपास बाहेर होतो. बसायला दोन प्रकार आहेत, पुढे लांबलचक टेबलं आणि मागे पायऱ्यापायऱ्यांच्या खुर्च्या. टेबलवाले अर्धा वेळ खुर्चीवर उभे असतात, त्यांच्यामागे बसलात तर पाठी बघत बसाल. आमची तिकिटं मागची होती, तेव्हा मला जरा वाईट वाटलं होतं, पण सत्तरी ओलांडलेल्या माणसाला घेऊन जाताना तीच बरी.

जायचं कसं ते नीट वाचा कारण इथे आमचा घोळ झाला. अलेक्झांड्रा पॅलेस नावाचं रेल्वे स्टेशन आहे, मूरगेटहून सुटणारी गाडी फिन्सबरी पार्कवरून तिथे जाते. नाव बघून मला वाटलं उतरलो की पॅलेस. तसं नाहीये. पॅलेस टेकडीवर आहे आणि स्टेशन खाली, मधे पार्कातून चढ, आणि डिसेंबरमधला तो वारा. बाबा पर्वतीसारखं आहे म्हणाले आणि चढले, पण मधे दोनदा थांबले. त्यापेक्षा पिकाडिली लाइनने वुड ग्रीनला उतरा आणि तिथून डब्ल्यू-३ बस घ्या, ती थेट वर पॅलेसच्या दारात सोडते. बसमध्ये रोख पैसे घेत नाहीत, कार्ड टॅप करायचं. येताना आम्ही बसनेच आलो.

वर पोचल्यावर मात्र पाच मिनिटं बाहेर थांबा. सगळं लंडन खाली पसरलेलं दिसतं. ही इमारत १८७३ ला उघडली आणि सोळा दिवसात जळाली, परत बांधली, १९८० ला परत मोठी आग लागली, परत उभी केली. बीबीसीचं नियमित टीव्ही प्रसारण १९३६ ला इथूनच सुरू झालं, तो मनोरा अजून आहे. डार्ट्स इथे डिसेंबर २००७ पासून आहे, त्याआधी पर्फ्लीटच्या सर्कस टॅव्हर्न नावाच्या ठिकाणी असायची. बाबांनी मनोऱ्याचे फोटो काढले सात-आठ, डार्ट्सचा पुढे एकच काढला.

मोठी बॅग नेऊ नका, तपासणीला वेळ लागतो. बाहेरचं खाणं आत चालत नाही. आईने फोनवरून दम दिला होता म्हणून मी सकाळी उठून मेथीचे पराठे केले होते, ते आम्ही बाहेर बाकावर वाऱ्यात बसून संपवले आणि आमच्या शेजारी चार ननच्या वेशातले दाढीवाले पुरुष सिगरेट ओढत होते. बाबांनी मला हळूच विचारलं, "हे आपल्याबरोबरच आत येणार?" हो, सगळेच तसे असतात. केळी, वेटर, सांताक्लॉज, ट्रॅफिकचे कोन. साध्या कपड्यात आम्हीच वेगळे दिसत होतो. आत चिप्स, पिझ्झा, बर्गर मिळतं, शाकाहारी माणसाने पोट भरून जावं आणि नंतर युस्टन स्टेशनशेजारी ड्रमंड स्ट्रीटवर जेवावं, तिथे शाकाहारी भारतीय हॉटेलं आहेत.

आत गेल्यावर पहिला धक्का हा बसतो की बोर्ड दिसतच नाही. म्हणजे दिसतो, स्टेजवर एक छोटी गोल चकती, पण बाण कुठे लागला ते कळणं शक्य नाही. ट्रेबलचा पट्टा, म्हणजे जिथे आकडा तिप्पट होतो तो, आठ मिलिमीटरचा असतो हो! सगळं मोठ्या स्क्रीनवरच बघायचं. मग एवढं लांब येऊन टीव्हीच बघायचा का, हा प्रश्न मलाही पडला होता पहिल्या दहा मिनिटात.

त्याचं उत्तर माझ्यापेक्षा बाबांना आधी सापडलं. बाबा जिल्ह्यातल्या बँकेत छत्तीस वर्षं कॅशियर होते, आणि बँकेच्या कॅरम टीममध्ये. मी त्यांना नियम सांगितले: ५०१ पासून उलटं मोजत शून्यावर यायचं, प्रत्येकाला एका वेळी तीन बाण, आणि शेवटचा बाण डबलमध्येच लागला पाहिजे, म्हणजे बाहेरच्या बारीक पट्ट्यात, जिथे आकडा दुप्पट होतो, किंवा मधल्या पन्नासच्या बुलमध्ये. "म्हणजे क्वीनला कव्हर लागतं तसं," बाबा म्हणाले. बरोब्बर तसं. मला हे इतकी वर्षं सुचलं नव्हतं. आणि मग ते सुरूच झाले. स्क्रीनवर ९६ शिल्लक दिसले की बाबा पुटपुटणार, वीस त्रिक साठ, राहिले छत्तीस, अठरा दुणे छत्तीस. आणि स्टेजवरचा माणूस खरंच ट्रेबल वीस आणि मग डबल अठराकडे जायचा. १४१ राहिले तेव्हा वीस त्रिक साठ, एकोणीस त्रिक सत्तावन्न, बारा दुणे चोवीस, हे त्यांनी खेळाडू पट्टीपाशी येऊन उभा राहायच्या आत सांगितलं. ती पट्टी म्हणजे ओकी, बोर्डापासून २.३७ मीटर. पुढच्या रांगेतला एक केळं झालेला माणूस दोनतीन वेळा वळून बघायला लागला की हे काय मंत्र म्हणतायत.

थोडं हिशोबाचं सांगून ठेवतो, जाणाऱ्यांना उपयोग होईल. तीन बाणात जास्तीत जास्त १८०, म्हणजे तिन्ही ट्रेबल वीस, ते झालं की पब्लिक १८० लिहिलेले पुठ्ठे वर करून किंचाळतं, आणि यावेळी अशा प्रत्येक १८० मागे स्पॉन्सरने प्रोस्टेट कॅन्सरच्या संस्थेला हजार पौंड दिले. तीन बाणात संपवता येणारा सगळ्यात मोठा आकडा १७०, दोन ट्रेबल वीस आणि बुल. वीसच्या दोन्ही बाजूला मुद्दाम पाच आणि एक ठेवलेत, म्हणजे जरा हात हलला की शिक्षा. वीस, पाच, एक असे तिन्ही लागले की होतात २६, त्याला इथे बेड अँड ब्रेकफास्ट म्हणतात कारण जुन्या काळी त्याचा दर दोन शिलिंग सहा पेन्स होता म्हणे. आणि ३२ ठेवायला सगळ्यांना का आवडतं तेही बाबांनीच मला सांगितलं: डबल सोळा चुकून आत साधा सोळा लागला तर राहतात सोळा, म्हणजे डबल आठ, तो चुकला तर आठ, मग चार, मग दोन. "हलणाऱ्या हाताच्या माणसाचा आकडा आहे हा," असं म्हणाले.

पण घरी टीव्हीवर जे कळत नाही ते वेगळंच. तिसरी मॅच होती, नावं घेत नाही. दोन-दोन सेट झालेले, शेवटचा सेट. एकाला डबल हवा होता, तीन बाण हातात. तोपर्यंत हॉलमध्ये कोणीही खेळाकडे बघत नव्हतं, निम्मे गात होते, निम्मे बियरच्या रांगेत. आणि अचानक सगळं शांत. मागून कोणीतरी शिट्टी मारली. पहिला बाण बाहेर, तारेला लागून. दुसरा बाहेर. तिसरा टाकण्याआधी त्या माणसाने एकदा हात खाली घेतला, बाण बोटात फिरवला, परत वर घेतला, आणि मला इतक्या लांबून त्याचा खांदा वर-खाली झालेला दिसला, म्हणजे श्वास. स्क्रीनवर तेव्हा फक्त बोर्डाचा क्लोजअप होता. तिसरा पण बाहेर. मग समोरचा खेळाडू आला आणि एका बाणात संपवून गेला. हरलेला माणूस हात मिळवून, बाण डबीत ठेवून, मागच्या दाराने गेला आणि दहा सेकंदात गाणी परत सुरू. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, कॅरममध्ये निदान समोरचा आपल्याकडे बघत तरी असतो.

तर माझा सल्ला, बाण उडाल्यावर स्क्रीन बघा पण त्याआधी माणूस बघा. लहान दुर्बीण असेल तर न्या, मी पुढच्या वेळी नेणार आहे.

आता एक तक्रारही. समोरच्याच्या डबलच्या वेळी मुद्दाम शिट्ट्या मारणं मला अजिबात पटलं नाही, आणि दुपारी कमी असलं तरी असतंच. २०२३ च्या क्वार्टर फायनलला गर्विन प्राइस कानावर आवाज रोखणारे मोठे हेडफोन घालून खेळला होता, तेव्हा मी हसलो होतो, आता हसणार नाही. दुसरं म्हणजे बियर. ग्लास नाही, जगच्या जग. त्यातला अर्धा ग्लास बाबांच्या आईने विणलेल्या स्वेटरवर पडला (म्हणजे माझ्या आईने विणलेल्या), त्याच केळ्याच्या हातून. त्याने इतक्या वेळा सॉरी म्हटलं की बाबाच त्याची समजूत काढायला लागले, मग तो बाबांसाठी ऑरेंज ज्यूस घेऊन आला आणि उरलेल्या वेळात दोघं मिळून आकडे सांगत होते, बाबा मराठीत, तो इंग्लिशमध्ये, आणि बहुतेक वेळा बाबा आधी. तरी सांगतो, जुना स्वेटर घालून जा.

नितीन कुमारची मॅच आमच्या दिवशी नव्हती, ही एक हळहळ राहिली. चेन्नईचा हा माणूस आधीही इथे खेळून गेलाय, पण यावेळी त्याने पहिल्या राउंडला रिचर्ड व्हीन्स्ट्राला ३-२ हरवलं, या वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये मॅच जिंकणारा पहिला भारतीय. आम्ही घरी टीव्हीवर बघितली. पण बाबांचा हिरो झाला तो सिंगापूरचा पॉल लिम. १९९० ला वर्ल्ड चॅम्पियनशिपमधला पहिला नऊ बाणांचा लेग, म्हणजे ५०१ नऊ बाणात साफ, ह्यानेच केला होता, आणि आता एकाहत्तराव्या वर्षी येऊन परत एक मॅच जिंकला. बाबा बहात्तरचे. त्या दिवशी त्यांनी दोनदा चहा मागितला आणि ती मॅच हायलाइट्समध्ये परत बघितली.

फायनलपर्यंत घरात रोज हेच. ३ जानेवारीला लिटलरने जिआन व्हॅन व्हीनला ७-१ धुतलं, सलग दुसरं टायटल, वय अठरा, बक्षीस दहा लाख पौंड. जुना दिग्गज फिल टेलर, त्याची सोळा टायटल्स आहेत, तिथपर्यंत जाईल का यावर बाबांचं म्हणणं, पोरगा डबल घाईने मारत नाही, जाईल.

डिसेंबर २०२६ ला जाणाऱ्यांसाठी: स्पर्धा त्याच पॅलेसमध्ये पण वेस्ट हॉलऐवजी ग्रेट हॉलमध्ये जाणार आहे, साधारण तीन हजारांच्या जागी पाच हजार लोक मावतील. तिकीट मिळायची शक्यता वाढेल, पण बोर्ड अजून लांब जाईल, तेव्हा दुर्बिणीचं मी गंमत म्हणून लिहिलेलं नाही. तिकिटावरची वयाची अटही वाचून घ्या, लहान मुलं नेणार असाल तर.

आणि बोर्ड विकत घेऊन भारतात नेणार असाल तर बाण केबिन बॅगेत टाकू नका, चेक-इनमध्येच टाका. बोर्ड जड असतो, पाच किलोच्या आसपास, वजनाचा हिशोब आधी करा. आमचा झालाय. बाबांनी सांगलीला फोन करून शेजारच्या मुलाला टेप घेऊन हॉल मोजायला लावला, बुल जमिनीपासून १.७३ मीटर बसतो म्हणाले, पण २.३७ साठी सोफा हलवावा लागेल. आईला अजून सांगितलेलं नाही.