अल्टरनेटर उतरवण्याआधी

पावसाळ्यात घाटातून गाडी चालवताना अल्टरनेटरची, म्हणजे इंजिनच्या जोरावर फिरून वीज तयार करणाऱ्या यंत्राची, जितकी परीक्षा होते, तितकी सपाट महामार्गावर होत नाही. वाईहून पसरणी घाट चढून पाचगणीकडे निघावे, तर धुक्यामुळे भर दुपारी हेडलाइट लावावे लागतात, वायपर थांबवता येत नाहीत, काचेवरचे बाष्प घालवण्यासाठी ब्लोअर आणि मागचा डिफॉगर सुरू असतो, आणि वाहनांच्या रांगेत इंजिन बराच वेळ आयडलवर फिरत राहते. हेडलाइटचे दोन हॅलोजन बल्बच सुमारे १० अँपिअर घेतात. ब्लोअर आणि डिफॉगर यांची मागणी याहून वेगळी. आयडलवर अल्टरनेटर आपल्या पूर्ण क्षमतेच्या काही अंशच वीज देऊ शकतो, त्यामुळे उन्हाळाभर लपून राहिलेला दोष अशा वेळी उघड होतो आणि महाबळेश्वरला पोहोचून बंद केलेली गाडी पुन्हा सेल्फ घेत नाही.

अशा गाडीची बॅटरी लगेच बदलली जाते. तरीही दोष राहिला, तर "डायनामो गेला" असे म्हणून अल्टरनेटर उतरवला जातो. मला हा क्रम मनापासून खटकतो, कारण साध्या डिजिटल मीटरने, एकही नट न खोलता, दोष नेमका कोठे आहे हे बहुतेक वेळा कळू शकते.

गाडी काही तास बंद राहिल्यानंतर बॅटरीच्या दोन टोकांवर मीटर लावावे. पूर्ण चार्ज असलेली बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते, १२.२ म्हणजे ती निम्म्यावर आलेली असते आणि १२ च्या खाली ती जवळजवळ रिकामीच समजावी. त्यानंतर इंजिन सुरू करून तोच आकडा पाहावा. तो १३.८ ते १४.५ च्या दरम्यान चढला, तर अल्टरनेटर काम करतो आहे. मात्र हेडलाइट आणि ब्लोअर लावून, इंजिनचे फेरे दीड-दोन हजारांपर्यंत नेऊन, तो १३.५ च्या खाली घसरत नाही ना, हेही पाहिल्याशिवाय निष्कर्ष काढू नये. इंजिन सुरू असूनही आकडा १२.४ वरून १२.३, १२.२ असा उतरत राहिला, तर चार्जिंग होतच नाही. अलीकडच्या काही गाड्यांत संगणक गरजेनुसार चार्जिंगचा व्होल्टेज कमी-जास्त करतो, त्यामुळे तेथे एका आकड्यावर विसंबता येत नाही. लाइट लावून, वेग बदलून थोडा वेळ निरीक्षण करावे लागते.

अल्टरनेटर फिरवणारा पट्टा सैल आहे का, त्यावर तेल किंवा चकाकी आली आहे का, हे डोळ्यांनी दिसते आणि त्यावर फार लिहिण्यासारखे नाही. डॅशबोर्डवरच्या बॅटरीच्या लाल दिव्याकडे मात्र फार कमी लोक नीट पाहतात. चावी ऑन केल्यावर तो लागला पाहिजे आणि इंजिन सुरू झाल्यावर विझला पाहिजे. बऱ्याच जुन्या गाड्यांत अल्टरनेटरच्या रोटरला, म्हणजे आत फिरणाऱ्या विद्युतचुंबकाला, सुरुवातीचा प्रवाह याच बल्बमधून मिळतो. तो बल्ब उडाला किंवा त्याची वायर तुटली, तर रोटरमध्ये पुरेसे चुंबकत्व तयार होत नाही आणि निर्दोष अल्टरनेटरही नुसता फिरत राहतो. दिवा लागत नाही म्हणून चालक निश्चिंत असतो, आणि तेच सर्वांत फसवे आहे.

यानंतरची तपासणी मला सर्वांत मोलाची वाटते आणि तीच बहुधा टाळली जाते. आमच्या शेजारच्या काकांच्या डिझेल गाडीची बॅटरी नवी असूनही उतरत होती आणि अल्टरनेटरही नवाच टाकायचे त्यांनी ठरवले होते. मी त्यांना म्हटले, "काका, आधी वायर तपासू, मग ठरवा." इंजिन सुरू ठेवून, सर्व लाइट लावून, मीटरचे लाल टोक अल्टरनेटरच्या बी-प्लस बोल्टवर (जेथून वीज बॅटरीकडे निघते) आणि काळे टोक बॅटरीच्या प्लसवर धरले. येथे ०.२ ते ०.३ व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसू नये. मीटरने दीड व्होल्ट दाखवला. अल्टरनेटर १४.४ व्होल्ट देत होता, परंतु बॅटरीपर्यंत १२.९ च पोहोचत होते. वायरच्या लगमध्ये, म्हणजे टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या कडीत, रबरी वेष्टणाखाली हिरवट गंज चढला होता, जो वरून दिसणे शक्यच नव्हते. लग कापून नवा दाबून बसवल्यावर चार्जिंग पूर्ववत झाले. अर्थिंगकडेही हीच पद्धत लागू पडते: अल्टरनेटरची बॉडी आणि बॅटरीचा मायनस यांच्यातला फरक ०.२ व्होल्टपेक्षा अधिक आला, तर इंजिनची अर्थ पट्टी काढून घासून बसवावी. आपल्याकडच्या पावसात या पट्ट्या फार लवकर गंजतात.

वायरिंग, मेन फ्यूज आणि दिवा हे सर्व ठीक निघाले, तरच दोष अल्टरनेटरच्या आत शोधावा. रोटरला प्रवाह पोहोचवणारे झिजलेले कार्बन आणि व्होल्टेज आवरणारा बिघडलेला रेग्युलेटर अनेक मॉडेलांत सुटे मिळतात, त्यासाठी संपूर्ण अल्टरनेटर घेण्याची गरज नसते. आतल्या एसी विजेची डीसी करणारा डायोड गेला असेल, तर कमी भारावर आकडा चांगला दिसतो आणि लाइट लावताच कोसळतो. शिवाय शॉर्ट झालेला डायोड गाडी बंद असतानाही बॅटरी रिकामी करत राहतो. मीटर एसीवर ठेवून, इंजिन सुरू असताना बॅटरीवर अर्ध्या व्होल्टहून अधिक दिसले, तर डायोड प्लेट संशयास्पद मानावी. काही स्वस्त मीटर एसीवर ठेवले तरी डीसीमुळे भलताच आकडा दाखवतात, म्हणून इंजिन बंद असताना मीटर शून्य दाखवते का, हे आधी पाहून घ्यावे.

चालू इंजिनवर बॅटरीचे टर्मिनल काढून "गाडी बंद पडली नाही, म्हणजे डायनामो चांगला" असे ठरवण्याची पद्धत अजूनही दिसते, आणि ती कोणी आपल्या गाडीवर वापरू लागले, तर त्याला स्पष्टपणे थांबवावे. बॅटरी अचानक सुटताच व्होल्टेज क्षणभर ४० च्याही वर उसळू शकतो, आणि त्यात रेग्युलेटर, डायोड किंवा इंजिनचा संगणक जळू शकतो.

दुरुस्ती झाल्यावर पूर्ण उतरलेली बॅटरी जम्पर लावून सुरू करून थेट प्रवासाला निघू नये. ती बाहेरच्या चार्जरवर रात्रभर सावकाश भरून घ्यावी, कारण रिकामी बॅटरी अल्टरनेटरकडून दीर्घकाळ कमाल प्रवाह ओढते आणि त्या उष्णतेने नुकतीच बसवलेली डायोड प्लेट पुन्हा धोक्यात येते.