भाचीचे नख आणि ज्वारीतला खडा

मागच्या पोळ्याला परभणी जिल्ह्यातील आमच्या गावी माझ्या आठ वर्षांच्या भाचीचे बोट गोठ्याच्या दारात चेंगरले आणि तर्जनीच्या नखाखाली, अगदी मुळाशी, रक्त साकळून काळानिळा डाग पडला. रडणे ओसरल्यावर तिने विचारले, "आत्या, नख कापताना दुखत नाही, मग आताच एवढं का ठणकतंय?" मुलांच्या अशा प्रश्नाला नीट उत्तर मिळालेच पाहिजे, असे मला वाटते.

नखाच्या मुळाशी, कातडीखाली, नव्या पेशी सतत तयार होत असतात आणि जुन्या पेशींना पुढे ढकलत असतात. पुढे सरकता सरकता त्या चपट्या व कठीण होऊन मरतात, आणि त्यांचाच थर म्हणजे आपल्याला दिसणारे नख. ते केराटिन नावाच्या प्रथिनाचे असते. केसांत तेच, आणि त्या दिवशी आम्ही रंगवलेल्या बैलांच्या शिंगांच्या कवचातही तेच. मेलेल्या पेशींना वेदना कळत नाहीत, पण नखाखालचे मांस जिवंत असून त्यात रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू दाटीने असतात, म्हणून मार तिथे बसतो आणि ठणका तिथून उठतो. नख दाबून धरले की पांढरे पडते आणि सोडताच पुन्हा गुलाबी होते, ते याच रक्तामुळे. अंगठ्याच्या नखावरचा पांढरट अर्धचंद्र हा त्या मुळाचाच बाहेर डोकावणारा भाग असतो.

नखाचा उपयोग तिला दुसऱ्या दिवशी आपोआप कळला. आजीबरोबर सुपातली ज्वारी निवडायला बसली, तर बोटाला जाड पट्टी असल्यामुळे बारीक खडा काही केल्या चिमटीत येईना. बोटाचे टोक मऊ असते. खालून खडा दाबतो तेव्हा वरून नख त्या मांसाला आधार देते, त्यामुळे स्पर्श स्पष्ट कळतो आणि पकड बसते. बाभळीचा काटा काढणे किंवा पाठ खाजवणे ही कामे तर नखाच्या कडेचीच. पायाची नखे बोटांच्या टोकांना ठेचेपासून जपतात. ती सरळ कापावीत, कारण कोपरे खोल कापले तर नख मांसात रुतते. नखे दातांनी कुरतडू नयेत, हे मात्र मी तिला जरा जोर देऊनच सांगितले, कारण नखाखालच्या मातीबरोबर जंतांची अंडी पोटात जातात.

हाताचे नख महिन्याला साधारण 3 मिलिमीटर वाढते. डाग हळूहळू पुढे सरकताना ती दर रविवारी मला फोनवर सांगत असे, आणि संक्रांतीच्या सुमारास तिने नेलकटरने शेवटचा काळा तुकडा कापून तळहातावर घेतला. पायाचे नख याच्या निम्म्याहूनही कमी वेगाने वाढते, असे मी म्हणताच तिने बोटांवर महिने मोजले आणि म्हणाली, "म्हणजे पायाच्या अंगठ्याला लागलं असतं, तर पुढच्या पोळ्यालाही डाग दिसला असता."