बाळंतिणीचा सव्वा महिना कोणाच्या पैशाने?

आमच्या मुलीच्या नावावर जर्मन सरकार दर महिन्याला 259 युरो देतं. 2025 मध्ये ही रक्कम 255 होती, त्याआधी दोन वर्षं 250. हे मी गावी फोनवर सांगितलं तेव्हा मोठ्या काकूने विचारलं, "पोरले पगार देस सरकार? काबरं?" काकूचा प्रश्न गल्लीभर फिरला आणि आता चोपड्याच्या मावशीपासून शहाद्याच्या मामेबहिणीपर्यंत सगळ्या मला तेच विचारतात. एका फोनमध्ये याचं उत्तर देता येत नाही, म्हणून सविस्तर लिहिते. नुसतं इथलं कौतुक करून मी थांबणार नाही, कारण मला खरं बोलायचंय ते आपल्याकडच्या बायांबद्दल.

इथे या पैशाला किंडरगेल्ड म्हणतात. बाप इंजिनिअर असो की बस चालवणारा, आई नोकरी करणारी असो की घरी असणारी, प्रत्येक मुलामागे रक्कम सारखीच. मूल 18 वर्षांचं होईपर्यंत मिळते, आणि ते शिकत असेल तर 25 पर्यंत. आम्ही इथले नागरिक नाही, ब्लू कार्डवर, म्हणजे शिकलेल्या परदेशी नोकरदारांना मिळणाऱ्या परवान्यावर राहतो, तरी आम्हाला मिळते. जन्मानंतर काही आठवड्यांत मुलीच्या नावाचं टपाल आलं, त्यात तिचा कर क्रमांक होता. तो अर्जात भरला, जन्मदाखला जोडला आणि पैसे यायला लागले. महिन्याच्या कोणत्या तारखेला जमा होणार, हे तुमच्या किंडरगेल्ड क्रमांकाच्या शेवटच्या आकड्यावर ठरतं आणि वर्षभराच्या तारखा आधीच जाहीर असतात. कोणाच्या घरी आभाराचा फ्लेक्स लागत नाही. पैसे येतात, आणि त्यात डायपर, थंडीचे बूट, पाळणाघराच्या फीचा थोडा भाग निघतो.

याचे रुपये करून बघू नका. पंचवीस हजारांच्या वर आकडा जातो आणि सगळ्यांना वाटतं, पोर सांभाळायचा पूर्ण खर्चच सरकारने उचलला. इथलं भाडं आणि पाळणाघराची फी बघितली तर ते पैसे हातभार लावण्यापुरते आहेत.

मला जास्त मोलाची वाटली ती बाळंतपणाची सोय. बाळंतपणाआधी सहा आठवडे आणि नंतर आठ आठवडे कामाला सुट्टी. त्यातल्या नंतरच्या आठ आठवड्यांत बाई स्वतः तयार असली तरी मालक तिला कामावर घेऊ शकत नाही. या काळात पगार बुडत नाही. थोडा वाटा आरोग्य विमा देतो, उरलेला मालक देतो आणि मालकाला तो एका निधीतून परत मिळतो. त्या निधीत वर्गणी सगळ्याच मालकांची असते, ज्यांच्याकडे एकही बाई कामाला नाही त्यांचीही. त्यामुळे "हिला कामावर घेतलं आणि दिवस गेले तर आपल्यावर खर्च पडेल" हा विचार मालकाला करावा लागत नाही.

पुढे एल्टर्नगेल्ड, म्हणजे बाळ सांभाळायला घरी राहणाऱ्या आईला किंवा बापाला मिळणारा पैसा. 2007 पासून तो सुरू आहे. हातात येणाऱ्या पगाराच्या साधारण 65 ते 67 टक्के, महिन्याला जास्तीत जास्त 1800 युरो. जिची कमाईच नव्हती तिलाही 300. एकाने घेतलं तर बारा महिने, दोघांनी वाटून घेतलं तर चौदा. माझ्या नवऱ्याने दोन महिने घेतले. सासूबाईंना आधी ते पटलं नव्हतं. नंतर व्हिडिओ कॉलवर त्याच त्याला बाळाला पायांवर कसं घ्यायचं, न्हाऊ घालताना पालथं कसं धरायचं हे दाखवत होत्या.

आता आपल्याकडचं. बाळंतिणीला विश्रांती हवी हे खान्देशाला जर्मनीकडून शिकायची गरज नाही. सव्वा महिन्याची रीत आपल्या आज्यांच्याही आधीपासूनची आहे. बाजेखाली शेगडी, शेपा-ओव्याची धुरी, डिंकाचे लाडू, पाण्यात हात घालायचा नाही, जड उचलायचं नाही. माझ्या आईची माझ्या वेळची बाळंतपणाची बाज आजही माळ्यावर आहे. पण ही रीत पाळायला घरात दुसरे चार हात लागतात आणि कोठीत दाणा लागतो. ज्या घरात सून कामाला गेली तरच संध्याकाळी पीठ येतं, तिथे सव्वा महिना कोण पाळणार?

सातपुड्याच्या पायथ्याला आमचं शेत. दिवाळीच्या आगेमागे कापूस वेचायला डोंगराकडच्या पावरा आदिवासी बाया यायच्या. त्यातल्या एकीचं बाळ अगदी तान्हं होतं, मान धरत नव्हतं. बांधावरच्या लिंबाला लुगड्याची झोळी बांधून ती त्याला टाकायची आणि ओळीला लागायची. वेचणी किलोवर असते, रोजावर नाही. बाळ रडलं की ती कमरेची ओटी सोडून तिथेच ओळीत ठेवायची, बांधावर जायची, पाजायची, परत झोका द्यायची. तेवढ्यात बाकीच्या बाया पार पुढे निघून गेलेल्या असायच्या. संध्याकाळी काट्यावर तिचं गाठोडं सगळ्यांत हलकं भरायचं. पाजायला बसलेला वेळ तिच्या मजुरीतून जायचा. तो कोणी कापत नव्हतं, काटाच कापत होता. माझी आई हिशेबात तिला थोडं वर धरायची. पण ते आईच्या मर्जीवर. पुढच्या शेतातल्या मालकिणीने धरलं असेल की नाही, कोण सांगणार?

अशा बाईला सरकार काय देतं, तेही बघू. प्रधानमंत्री मातृवंदना योजना 2017 पासून आहे. पहिल्या बाळाला 5000 रुपये, तेही दोन हप्त्यांत. दुसरं बाळ मुलगी असेल तर 6000. दुसरा मुलगा झाला तर काही नाही. मुलीच्या जन्माला मान मिळावा म्हणून हे केलं असेल, मला त्याचा आदर आहे, पण मुलगा झाला म्हणून बाईच्या अंगातलं रक्त कमी जात नाही. दवाखान्यात बाळंत झाली तर जननी सुरक्षा योजनेचे खेड्यात 700 रुपये.

रोजगार हमीचा महाराष्ट्रातला 2025-26 चा दर दिवसाला 312 रुपये आहे. त्या दराने 5000 रुपये म्हणजे सोळा दिवसांची मजुरी. सतराव्या दिवशी काय करायचं? तिकडे जळगाव शहरात एखाद्या बँकेत किंवा कंपनीत नोकरी करणाऱ्या तिच्याच वयाच्या बाईला 2017 च्या दुरुस्तीप्रमाणे 26 आठवड्यांची भरपगारी रजा मिळते. मिळायलाच हवी. पण तो कायदा दहा किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या आस्थापनांना लागू होतो, कापसाच्या ओळीला नाही. 26 आठवडे, आठवड्याचे सहा दिवस धरले तर 156 रोज होतात. 312 च्या दराने 48,672 रुपये. एकीला तेवढा काळ पगार आणि दुसरीला 5000, ही तफावत मला सहन होत नाही.

2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याच्या चौथ्या कलमात प्रत्येक गर्भवतीला किमान 6000 रुपये मातृत्व लाभ लिहिलेला आहे. तेव्हापासून किराणा कुठल्या कुठे गेला, हा आकडा तिथेच बसून आहे.

आमचे आप्पा या बाबतीत माझ्याशी भांडतात. त्यांचं म्हणणं, पोरं आपण जन्माला घालायची आणि पैसे सरकारने द्यायचे हे बरोबर नाही, ज्याने त्याने आपलं बघावं. आप्पांच्या खात्यात पीएम किसानचे वर्षाला 6000 येतात, नमो शेतकरीचे आणखी 6000. ते घेताना त्यांना संकोच वाटत नाही, आणि वाटूही नये. शेती एकट्याच्या जिवावर ओढत नाही आणि पिकलेलं सगळ्यांच्या ताटात जातं, म्हणून सगळ्यांनी मिळून हातभार लावायचा. मुलाचंही तसंच आहे. आज झोळीत असलेलं पोर वीस वर्षांनी केळीचे घड उतरवणार आहे, वायरमन होणार आहे, नर्स होणार आहे. त्याच्या कामाचा उपयोग गावाला होणार असेल तर त्याच्या दुधाचा भारही गावाने थोडा उचलावा.

आणि ही कल्पना काही परदेशातून आणलेली नाही. 1928 मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात कामगार स्त्रियांच्या बाळंतपणाच्या लाभाचं बिल आलं, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं हे देशाच्या हिताचं आहे आणि या खर्चाचा मोठा वाटा सरकारने उचलायला हवा, अशी त्यांची भूमिका होती. 1929 मध्ये तो कायदा झाला. खान्देश तेव्हा त्याच मुंबई इलाख्यात होता. म्हणजे शंभर वर्षं होत आली आणि शेतातल्या बाईपर्यंत तो विचार सोळा दिवसांपुरताच पोचलाय.

"मग लोकं पैशासाठी पोरं काढतील" हे वाक्य मी चोपड्याच्या बसस्टँडपासून इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीपर्यंत सगळीकडे ऐकलं. जर्मनीत इतका पैसा मिळूनही एका बाईमागे सरासरी 1.35 च्या आसपास मुलं आहेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत महाराष्ट्राचा आकडा 1.7 आहे. म्हणजे आपल्याकडेही लोक दोनाच्या खाली आलेत. पोर वाढवायला काय लागतं ते ज्याला माहीत आहे तो महिन्याच्या हजार-दोन हजारांसाठी तिसरं पोर करत नाही.

बाप दारूत उडवेल ही भीती मात्र मी हसण्यावारी नेत नाही. मी ते पाहिलंय. म्हणून पैसे आईच्याच खात्यात हवेत. 2024 च्या जुलैपासून लाडकी बहीण योजनेने ते करून दाखवलं. महिन्याला 1500 रुपये थेट बाईच्या खात्यात, आणि त्यासाठी वर्षाला 46 हजार कोटींची तरतूद सांगितली गेली. त्या योजनेबद्दल कोणाचं काही मत असो, राज्य मनात आणलं तर बाईच्या खात्यापर्यंत पोचू शकतं हे त्यातून दिसलं. पण तिची वयाची अट 21 ते 65 आहे. आपल्याकडे एकोणिसाव्या-विसाव्या वर्षी आई झालेल्या मुली किती आहेत हे तुम्हाला मी सांगायला नको. जिला सगळ्यांत जास्त गरज, ती दोन वर्षांनी लहान म्हणून बाहेर.

लेक लाडकी योजनेतही मला असंच काहीसं खटकतं. पिवळ्या-केशरी रेशनकार्डाच्या घरातल्या मुलीला एकूण 1,01,000 रुपये, ऐकायला छान. त्यातले 75,000 ती 18 वर्षांची झाल्यावर. जन्माच्या वेळी 5000, मग थेट पहिलीत गेल्यावर 6000. हाडं-मेंदू घडायची पहिली दोन-अडीच वर्षं मधे कोरडीच जातात.

पैशापेक्षा सेवा द्या, असं म्हणणारेही आहेत. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर, जिथे नर्मदेच्या काठी दवाखाना बोटीने जातो, तिथे खात्यात पैसे असून रात्री डॉक्टर येत नाही हे खरंच आहे. आदिवासी भागात 2015 पासून अमृत आहार योजना आहे. गरोदरपणाचे शेवटचे तीन महिने आणि नंतरचे सहा महिने अंगणवाडीत एक वेळचं पूर्ण जेवण. ती चालायलाच हवी, वाढायलाच हवी. पण दिवाळी झाली की कुटुंबंच्या कुटुंबं उचल घेऊन ऊसतोडीला जातात, कोणी गुजरातेत, कोणी पश्चिम महाराष्ट्रात. अंगणवाडीतलं ताट गावात राहतं आणि बाळंतीण फडावर. तिच्याबरोबर जाऊ शकतं ते फक्त तिचं बँक खातं. म्हणून मला दोन्ही हवंय, आणि एकाचं नाव पुढे करून दुसरं टाळलेलं मला चालत नाही.

जर्मनीतही सगळं आलबेल नाही. जी कुटुंबं सरकारी निर्वाह भत्त्यावर जगतात त्यांना किंडरगेल्ड मिळतं, पण ते उत्पन्न धरून भत्त्यातून तेवढं वजा होतं. म्हणजे सगळ्यांत गरीब मुलाच्या हाती त्यातून जादा काहीच पडत नाही. एक वर्षापुढच्या मुलाला पाळणाघरात जागा मिळण्याचा कायदेशीर हक्क 2013 पासून आहे, पण जागाच पुरत नाहीत. त्यामुळे उचलायचंच असेल तर नियमितपणा उचला, सगळ्यांना सारखं देणं उचला, आणि वजावट इथेच राहू द्या.

माझं मागणं सरळ आहे. जिला भरपगारी रजा नाही अशा प्रत्येक बाळंतिणीला सहा महिने, रोजगार हमीच्या दराने, महिन्याच्या ठरलेल्या तारखेला, तिच्या स्वतःच्या खात्यात पैसे. पहिलं की दुसरं, मुलगा की मुलगी, हे विचारू नये. दर वाढला की रक्कम आपोआप वाढावी. यातले शेवटचे दोन महिने बापालाही घेता आले तर फार उत्तम, पण ते पुढचं पाऊल, आधी आईचं होऊ दे.

तोपर्यंत जे आहे ते सोडू नका. घरात, शेतात कामाला येणाऱ्यांत, शेजारच्या वस्तीवर कोणाचा मातृवंदनेचा किंवा लेक लाडकीचा अर्ज राहिला असेल तर अंगणवाडीताईला भेटा. आधार कार्ड आणि तिच्याच नावाचं बँक पासबुक सोबत न्या, नवऱ्याचं चालत नाही. अर्जात कुठे अडलात तर मला मेसेज करा, मी इथून फोन करून विचारून देईन. काकूने तीन घरांची नावं कळवलीच आहेत.